चेंडू बाहेर गेला तर दंड, माणसाला लागला तर माफ

प्रति,
माननीय अध्यक्ष, कॅप्टन, व्यवस्थापन समिती आणि सर्व सभासद,
आमच्या रस्त्याला लागून असलेला गोल्फ क्लब

स. न. वि. वि.

क्लबाचं नाव या पत्रात मुद्दामच लिहिलेलं नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आमच्या वसाहतीला ठाऊक आहे, इतरांना कळून काही साधायचं नाही. शिवाय भिंतीच्या आत गोल्फ आणि भिंतीच्या बाहेर रहदारीचा रस्ता अशी गाठ आपल्याकडे बऱ्याच शहरांत पडलेली आहे. मैदानं जुनी, वस्तीपासून लांब आखलेली. वस्ती मागाहून त्यांच्या अंगाला येऊन भिडली. तेव्हा हे पत्र ज्या समितीला आपल्यासाठी आहे असं वाटेल, तिने ते आपलंच समजावं.

मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. तुमच्या पूर्वेकडच्या भिंतीपलीकडे जी जुनी गृहरचना संस्था आहे, तिथे आम्ही राहतो. गोल्फवर माझा राग नाही. आमच्या गच्चीवरून तुमची हिरवळ दिसते, दलाल लोक त्या देखाव्याचे जादा पैसे लावून फ्लॅट विकतात, मोरही येतात. माझी तक्रार आहे ती तुमच्या कार्यालयाने मला पाठवलेल्या पत्राबद्दल. त्यात म्हटलंय की घडलेला प्रकार दुर्दैवी अपघात होता आणि असे प्रसंग खेळाचा भाग असतात. त्या पत्राचं हे उत्तर.

ज्या सभासदांना काय घडलं ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिसेंबरमधला रविवार, सकाळी साडेनऊच्या सुमारास. तुमच्याकडे स्पर्धा होती. लाउडस्पीकरवरून नावं पुकारलेली आम्हाला घरात ऐकू येत होती. मी मंडईतून परत येताना भिंतीकडेच्या फुटपाथवर होतो. पिशवीत मेथी आणि मटार. कुणी ओरडलं नाही, शिट्टी नाही, काही नाही. एकदम डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर, काहीतरी बसलं. आवाज बाहेरून आलाच नाही. डोक्याच्या आतून आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

लोक विचारतात, फार दुखलं का हो? पहिल्या क्षणी दुखत नाही. पहिल्या क्षणी काय झालं हेच कळत नाही. कुणी दगड मारला असं वाटलं, मग वरून फांदी पडली असं वाटलं, मग आपल्यालाच झटका आला की काय असं वाटलं. मी फुटपाथवर बसलेला होतो आणि कधी बसलो ते आठवत नव्हतं. डोळ्यांपुढे पांढरं. कानात एक बारीक सूर. त्यानंतर दुखायला लागलं, आणि ते नुसतं गालात नव्हतं. वरच्या दातांत होतं, नाकपुडीच्या कडेला होतं, डोळ्याच्या मागे कुठेतरी होतं. तोंडात रक्ताची चव आली. डावा डोळा मिटत चालला होता आणि तो फुटलाय की नुसता सुजलाय हे बघायला माझा हात वर जाईना. ती भीती त्या दुखण्याहून मोठी होती. एकाच डोळ्याने घरचा रस्ता कसा ओलांडायचा याचा विचार मी खरोखर करत होतो.

भिंतीला टेकून ज्याची टपरी आहे त्या इस्त्रीवाल्याने मला उचलून बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, रिक्षा थांबवली. गटाराच्या कडेला पडलेला चेंडूही त्यानेच उचलून माझ्या हातात ठेवला. म्हणाला, ‘काका, नशीब समजा. डोळा वाचला.’

सीटी स्कॅनमध्ये गालाच्या हाडाला तडा दिसला. हाड जागेवरून सरकलेलं नव्हतं म्हणून शस्त्रक्रिया टळली. डोळ्याच्या खालून एक नस गालात उतरते, ती दुखावली. त्यामुळे डावा गाल, नाकाची ती बाजू आणि वरच्या ओठाचा अर्धा भाग बधिर झाला. डॉक्टरांनी नाक शिंकरायला बंदी केली. ऐन थंडीत सर्दी झालेल्या माणसाने ही आज्ञा पाळून बघावी. जेवण म्हणजे खिमट, पेज, मऊ भात. मटार घरच्यांनी खाल्ले. बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. चहा ओठावरून ओघळला तरी मला कळत नाही, बायको समोरून खूण करते. दाढी करताना त्या बाजूला रक्त आलेलं आरशात दिसतं तेव्हा समजतं. आणि रस्त्याने चालताना डोक्यावरून कावळा गेला तरी मान आपोआप खांद्यात जाते, याला कुठल्याही गोळ्या नाहीत.

तीन-चार दिवसांनी तुमचे व्यवस्थापक घरी आले. सभ्य गृहस्थ. फळांची करंडी आणली होती, त्यात सगळी सफरचंदं. चावणं बंद होतं, पण त्यांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल बोलायचं नाही. चेंडू कोणी मारला असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, सांगणं अवघड आहे, त्या वेळी मैदानावर पुष्कळ लोक होते.

अवघड नाही हो. चेंडू माझ्याकडे आहे. त्यावर छापील आकडा 3 आहे, आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या पेनाने एकेक ठिपका दिलेला आहे. हे ठिपके शोभेला नसतात. सेंट अँड्र्यूजची ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेतली ‘यूएसजीए’ या दोन संस्था गोल्फचे नियम ठरवतात. त्या नियमावलीतला 6.3 हा नियम सांगतो की खेळाडूने आपल्या चेंडूवर ओळखीची खूण करावी, म्हणजे दुसऱ्याचा चेंडू चुकून खेळला जाणार नाही. स्पर्धेच्या दिवशी कोणता गट किती वाजता निघाला याचा तक्ता तुमच्या सूचनाफलकावर लागतो. साडेनऊला भिंतीलगतच्या सातव्या होलवर, म्हणजे खेळाच्या सातव्या टप्प्यावर, कोणता गट होता हे त्यावरून पाच मिनिटांत निघेल. ज्याचा चेंडू भिंतीबाहेर गेला त्याला दंड घेऊन पुन्हा त्याच टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेवरून, मारावं लागलं असणार, आणि ते त्याच्या सोबत्यांनी पाहिलं असणार. इतके साक्षीदार आमच्या खात्यातल्या चौकशांना मिळाले असते तर किती कंत्राटदार घरी बसले असते!

त्या सभासदाला फासावर द्या असं मी म्हणत नाही. तो कोण हे तुम्हाला माहीत असूनही सांगायचं नाही, की शोधायचंच नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

आता ‘खेळाचा भाग’ याविषयी. त्या महिन्यात घरी पडून मला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून मी नियमावली वाचून काढली. नियम 18.2 प्रमाणे चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक फटका दंड आणि मूळ जागी परत. नियम 11.1 प्रमाणे मारलेला चेंडू चुकून एखाद्या माणसाला लागला तर दंड नाही. चेंडू जिथे थांबेल तिथून पुढचा फटका. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. त्या सकाळी तुमच्या सभासदाला जी शिक्षा झाली ती चेंडू हद्दीच्या पांढऱ्या खांबांच्या पलीकडे गेल्याची. माझ्या गालाची काही नाही. उलट तोच चेंडू माझ्या गालावरून उसळून भिंतीवरून परत आत पडला असता, तर हद्दीबाहेरचा दंडही वाचला असता.

नियम करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. खेळाचे नियम गुणांचा हिशोब ठेवण्यासाठी असतात, हाडांचा नाही. पण त्याच पुस्तकात अगदी सुरुवातीला, 1.2 मध्ये, खेळाडूने इतरांच्या सुरक्षिततेकडे लक्ष द्यावं असंही लिहिलंय. आणि जो खेळात उतरला त्याने खेळातला धोका पत्करला, हे न्यायालयंही मानतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असाच निकाल दिला होता: सोबत खेळणाऱ्या मित्राच्या भरकटलेल्या चेंडूने एकाच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि दावा फेटाळला गेला, कारण खेळायला उतरणाऱ्याला हे ठाऊक असतं. मला हा निकाल पटतो. पण मी खेळायला उतरलो नव्हतो, मेथी आणायला गेलो होतो.

तुमच्यातले काही सभासद म्हणतात, एवढासा चेंडू, त्याचं काय एवढं? नियमाप्रमाणे या चेंडूचं वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम असतं आणि व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर. क्रिकेटच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका. पण साधा हौशी खेळाडूसुद्धा ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, मारतो तेव्हा तो ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास सुटतो, व्यावसायिकांचा पावणेतीनशेच्या घरात जातो. हवेत वेग बराच कमी होतो हे खरं, तरी खाली येताना शंभराच्या आगेमागे असतो. आणि त्याचा लहान आकारच घातक आहे. माणसाच्या डोळ्याची खोबण साधारण चार सेंटीमीटर रुंद असते. क्रिकेटचा चेंडू सव्वासात सेंटीमीटरचा. तो आधी भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो, हाडं मोडतात पण डोळ्याला थोडा तरी आडोसा मिळतो. गोल्फचा चेंडू जवळजवळ खोबणीच्याच मापाचा आहे. म्हणून डोळ्याला लागला की तो बुबुळावरच दाबला जातो. माझ्या बाबतीत बोटभर अंतर कमी पडलं असतं तर हे पत्र मी दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं.

आणि हे फक्त नवशिक्यांच्या हातून होतं असंही नाही. 2018 च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसजवळच्या ल गोल्फ नॅशनल मैदानावर रायडर कप ही गोल्फची मोठी स्पर्धा होती. ब्रुक्स केप्का त्याच वर्षी यूएस ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप अशा दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकून आलेला. सहाव्या होलवर त्याने टीवरून मारलेला चेंडू प्रेक्षकांत गेला आणि एका स्त्रीच्या उजव्या डोळ्यावर बसला. त्या डोळ्याची दृष्टी गेली. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंपैकी एकाचा चेंडू असा जातो, तर रविवारी सकाळी गप्पा मारत खेळणाऱ्या आपल्या सभासदांचा जाणारच. जाईल की नाही हा प्रश्नच नाही. गेला तर तिकडे कोण उभं असतं, हा प्रश्न आहे.

आमच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीत रंगाचा एक रिकामा डबा आहे. भिंतीवरून आलेले चेंडू तो त्यात टाकतो. डबा भरत आला की तुमचेच कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारी पोरं, येऊन दहा-वीस रुपयांना एक असे घेऊन जातात आणि धुऊन-पुसून तुमच्याच सभासदांना विकतात. म्हणजे त्या भिंतीवरून किती चेंडू येतात हे इस्त्रीवाल्याला माहीत आहे, कॅडींना माहीत आहे, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या मुलांना माहीत आहे. दोन गाड्यांच्या काचा गेल्या त्या मालकांना माहीत आहे. फक्त क्लबाच्या दप्तरात त्याची नोंद नाही. मी व्यवस्थापकांना विचारलं होतं, अशी काही वही ठेवता का? ते म्हणाले, तशी पद्धत नाही.

ही वही का हवी ते सांगतो. माझा पुतण्या कायद्याचं शिकतो, त्याने मला इंग्लंडचे दोन जुने खटले वाचायला दिले. आपल्या न्यायालयांवर ते बंधनकारक नाहीत, पण आपल्या विधी महाविद्यालयांत आजही शिकवले जातात. पहिला 1922 चा. केंट परगण्यातल्या सँडविच गावाजवळ एक टॅक्सीवाला रस्त्याने चालला होता. शेजारच्या गोल्फच्या मैदानावर तेराव्या टीवरून मारलेला चेंडू त्याच्या समोरच्या काचेवर आदळला, काचेची किरच डोळ्यात गेली, डोळा गेला. त्या टीवरून रस्त्यावर चेंडू येणं नेहमीचंच होतं, म्हणून न्यायालयाने खेळाडू आणि क्लब दोघांनाही जबाबदार धरलं. ती टी जिथे होती तिथे असणं हाच लोकांना उपद्रव आहे, असं ठरलं. दुसरा खटला 1951 चा, ‘बोल्टन विरुद्ध स्टोन’. मँचेस्टरमध्ये क्रिकेटचा चेंडू मैदानाबाहेर जाऊन रस्त्यावरच्या एका बाईंना लागला. तिथे हाउस ऑफ लॉर्ड्सने क्लबाला सोडलं. कारण मोजणी. सुमारे तीस वर्षांत त्या मैदानातून चेंडू बाहेर रस्त्यावर गेला होता तो जेमतेम सहा वेळा. इतक्या दुर्मीळ गोष्टीसाठी कोणी खेळ बंद करणार नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं.

म्हणजे अपघात कुठे संपतो आणि हलगर्जीपणा कुठे सुरू होतो हे चेंडू किती वेळा बाहेर येतो यावर ठरतं. तीस वर्षांत सहा आले तर मीही फळांची करंडी घेऊन गप्प बसलो असतो. इथे रंगाचा डबा पावसाळा सोडला तर दर काही आठवड्यांनी भरतो. जे होणार हे आधीपासून माहीत असतं, होत राहतं, आणि ज्याचे चेंडू परत विकत घेतले जातात, त्याला दुर्दैव म्हणायला माझी जीभ धजत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे, आणि कलम 125 मध्ये बेफिकिरीने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणून अशी दुखापत करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे. पोलीस चौकीवर मी अर्ज दिला तेव्हा तिथल्या हवालदारांनी विचारलं, आरोपी कोण लिहू? त्यांचा प्रश्न रास्त होता. वाकडा फटका मारणं हा काही गुन्हा नव्हे. वाकडा फटका सर्वांचा जातो. मी अर्ज पुढे रेटला नाही. पण टी कुठे ठेवायची हे खेळाडू ठरवत नाही. ते समिती ठरवते.

इथून पुढे मी तुमच्याशी अभियंता म्हणून बोलतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी खेळाडूचा चुकलेला फटका बहुतेक वेळा उजवीकडे वळतो. काठीचं तोंड किंचित उघडं राहतं, चेंडूला तिरकी फिरकी बसते, आणि चेंडूवरच्या खळग्यांमुळे ती फिरकी हवेत चांगलीच पकड घेते. याला तुम्ही स्लाइस म्हणता. म्हणून मैदान आखणारे जाणकार शक्यतो असं बघतात की कडेचे होल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जावेत. मग हद्दीची भिंत खेळाडूच्या डाव्या हाताला राहते आणि स्लाइस झालेला चेंडू आतल्या बाजूला पडतो. तुमचा सातवा होल उलटा आहे. भिंत उजवीकडे, भिंतीमागे फुटपाथ, फुटपाथवर शाळेच्या बसचा थांबा. ज्यांनी तो आखला तेव्हा भिंतीपलीकडे ज्वारी होती. त्यांना दोष नाही.

व्यवस्थापक म्हणाले, भिंतीवर अजून चार फूट जाळी लावू. कृपा करून लावू नका, पैसे वाया जातील. ड्रायव्हरने मारलेला चेंडू वर पंचवीस-तीस मीटरपर्यंत चढतो, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढा. भिंतीजवळ तो अडवायचा तर तेवढे खांब उभारावे लागतील, वाऱ्याचा भार धरून पाया घ्यावा लागेल, आणि मग आमच्या वसाहतीतलेच लोक देखावा गेला म्हणून तुमच्यावर दावा लावतील. जाळी लावायचीच असेल तर टीच्या जवळ, उजव्या अंगाला लावा. तिथे चेंडू अजून खाली असतो. थोडक्या उंचीच्या जाळीने काम होतं.

पण जाळीच्याही आधी टी फिरवा. टीच्या खुणा तुमचे माळी तशाही दररोज हलवतात, गवत एकाच जागी झिजू नये म्हणून. त्या खुणा टीच्या उजव्या टोकाला नेऊन तोंड डावीकडे वळवलं की फटक्याची मधली रेषाच रस्त्यापासून लांब जाते. उपग्रहाच्या नकाशावर मी पट्टी लावून पाहिलं: आत्ता टीवरून बसथांब्याकडे काढलेली रेषा आणि ग्रीनकडे, म्हणजे होलच्या शेवटच्या हिरवळीकडे, जाणारी रेषा यांच्यात जेमतेम दहा अंशांचा कोन आहे. तेवढी चूक म्हणजे चूकसुद्धा नाही, नेहमीचा फटका आहे. याहून सोपा उपाय म्हणजे त्या होलची लांबी कमी करून तो पार-3, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, करा. ड्रायव्हर बाहेर काढायची गरजच राहणार नाही, लहान लोखंडी काठीने काम भागेल. तुमच्या मैदानाचा एकूण पार एकाने कमी होईल. यावर समितीत किती वादळ उठेल याची मला कल्पना आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एका घरावर काही वर्षांत साडेसहाशेहून जास्त चेंडू पडले. ज्युरीने त्या कुटुंबाला लाखो डॉलर देऊ केले, पुढे 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. सगळा खर्च वकिलांवर. मधल्या काळात क्लबाने त्या होलची टी बदलली होती आणि घरावर चेंडू पडायचे थांबले होते. हे आधीच करता आलं असतं.

आता ओरडण्याबद्दल. चेंडू भलतीकडे गेला की ‘फोर’ म्हणून जोरात ओरडायचं, ही तुमच्या खेळाची फार जुनी रीत. त्या सकाळी कोणी ओरडलं नाही. का नाही, ते मला मैदानावरच्याच एकाने सांगितलं: चेंडू भिंतीबाहेर गेला की तो संपला असं धरतात, ओरडायचं ते आतल्या लोकांसाठी. आणि स्पर्धेत आपला फटका वाया गेलाय हे चार लोकांना ओरडून कोण सांगेल! थोडा हिशोब करा. टीपासून माझ्यापर्यंत अंतर सुमारे 160 मीटर. चेंडूला एवढं यायला चार-पाच सेकंद लागतात. आवाज अर्ध्या सेकंदात पोचतो. मधल्या वेळात माझ्या वयाचा माणूससुद्धा पाठ वळवून, डोकं दोन्ही हातांत धरून खाली बसू शकतो. माझा तडा गेलेला गाल आणि न गेलेला गाल यांच्यात फरक होता तो एका हाकेचा. भिंतीबाहेर चेंडू गेला आणि हाक दिली नाही, तर त्या खेळाडूला त्या दिवसापुरतं बाद करा. तुमच्या स्थानिक नियमांत तुम्ही हे घालू शकता. आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मराठीत पाट्या लावा, ‘ओरडण्याचा आवाज आला तर डोकं झाका’. तुमच्या गेटवरची ‘अनधिकृत प्रवेश केल्यास कारवाई’ ही पाटी वर्षानुवर्षं ताजी रंगवलेली असते, तिच्यातलाच थोडा रंग पुरेल.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनाला लागून राहिली, ती माझ्याबद्दलची नाही. चेहऱ्याची सूज उतरायच्या आत वसाहतीमागच्या वस्तीतले दोन-तीन कॅडी मला बघायला आले. त्यांच्यातल्या एकाने शर्टाची बाही वर करून कोपराजवळची गाठ दाखवली, दुसऱ्याने ओठ वर करून पुढचा अर्धा दात. ‘काका, आम्हाला लागतंच. तुम्ही बाहेरचे म्हणून साहेब फळं घेऊन आले.’ ते हसत होते. पुढे पाठवलेला पोरगा चेंडू कुठे पडतो ते बघण्यासाठीच तिकडे उभा असतो, म्हणजे चेंडू जिकडे येणार तिकडेच. त्याच्या डोक्यावर क्लबाची टोपी असते, हेल्मेट नसतं. तो तुमचा नोकर नाही, फेरीवर पैसे घेतो, म्हणून त्याला लागलं तर उपचार त्याचे त्यानेच करायचे. ज्या खेळात अली शेरसारखा कॅडी म्हणून सुरुवात केलेला माणूस 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकतो, आणि त्याची गोष्ट तुम्ही तुमच्या पाहुण्यांना कौतुकाने सांगता, त्या खेळात कॅडीचा विमा उतरवायला ठराव का लागावा? माझ्या उपचाराचे पैसे मला निवृत्तिवेतनधारक म्हणून थोडेफार परवडले. ते तुम्ही मला देऊ नका. त्याच रकमेतून त्या पोरांचा अपघात विमा उतरवा. विमा कंपन्या गटाचा हप्ता किती लावतात हे मी चौकशी करून ठेवलं आहे. तुमच्या एका वार्षिक स्नेहभोजनाच्या खर्चात वर्ष निघेल.

मला काय हवं ते वर आलंच आहे, पण समितीपुढे पत्र वाचून दाखवणारा सचिव मधली पानं उलटतो हे मी सरकारी नोकरीत पाहिलेलं आहे, म्हणून शेवटी परत लिहितो. पुढच्या महिन्यापासून भिंतीबाहेर गेलेल्या प्रत्येक चेंडूची तारीख आणि होल लिहिणारी वही ठेवा, आणि ती आमच्या संस्थेच्या सचिवांना मागितल्यावर बघू द्या. सातव्या होलची टी फिरवा किंवा तो पार-3 करा. आराखडा हवा असेल तर मी फुकट काढून देतो, मोजमापाला दोन माणसं आणि एक टेप तेवढी द्या. ते होईपर्यंत सकाळी सात ते साडेनऊ, बसच्या वेळेत, त्या टीवरून ड्रायव्हर वापरायला बंदी करा. हाक न देणाऱ्याला बाद करा. कॅडींचा विमा उतरवा.

हिरव्या ठिपक्यांचा चेंडू ज्यांचा असेल त्यांनी घरी यावं. पोलीस नसतील. चहा मिळेल. मला त्यांना एवढंच विचारायचं आहे की चेंडू भिंतीवरून गेला तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलं का.

तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा मार्चमध्ये असते असं कळलं. मला दहा मिनिटं बोलायला बोलवा, नकाशा मी घेऊन येईन. फक्त गेटवर माझं नाव सांगून ठेवा. मागच्या खेपेला पत्र द्यायला आलो होतो तेव्हा पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. म्हणाला, बाहेरच्या माणसाला मैदानाजवळ धोका असतो.

कळावे,

आपला,
पूर्वेकडच्या भिंतीपलीकडचा एक रहिवासी